थोरली, धाकटी आणि तिच्यापुढची

१

मैदानावर सकाळी पहिलं काम गवत कापायचं नसतं, दव झाडायचं असतं. ओल्या गवतात मशीन घातलं तर लगदे पडतात आणि मग मुकादम दिवसभर ओरडत सुटतो. म्हणून मशीनच्या आधी दोघी बायका जाड दोर घेऊन निघतात. एक या कडेनं, एक त्या कडेनं, मधे दोर गवतावरून ओढत न्यायचा. दोर फिरला की दव गळून पडतं. पुढचं गवत पांढरं, मागचं हिरवं.

माझ्या समोरच्या टोकाला मावशी असायची. नात्यानं ती कुणाचीच मावशी नाही, पण टोळीत सगळ्यांत जुनी, म्हणून साहेब लोकसुद्धा तिला मावशीच म्हणतात. आणि माझ्या पाठीला ओढणीनं बांधलेली माझी मुलगी, ठकी. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. बसवली की बसते, ठेवली तिथं राहते, म्हणून ठकी. लाकडाची बाहुली. ते हसत म्हणायचे. मीही हसायचे, पण माझं हसू गालापर्यंतच.

गोल्फ मी कधी खेळले नाही, पण रोज तुडवून एवढं कळलं आहे. एका टोकाला ओटा असतो, तिथून चेंडू मारायचा. दुसऱ्या टोकाला झेंडा, झेंड्याखाली भोक. चेंडू भोकात गेला की पुढच्या ओट्यावर जायचं. असे पट्टे एकामागून एक, काही आखूड, काही मध्यम. लांब पट्टा आला की त्याच्यानंतर आखूड ठेवतात, खेळणाऱ्याला दम खायला. आमच्या मैदानावर मात्र पार टोकाला दोन लांबलचक पट्टे एकापुढं एक आहेत, तेही एकाच दिशेला. मावशीनं त्यांची नावं ठेवलीत थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ.

“थोरलीच्या तावडीतून सुटलं की धाकटी धरते,” मावशी म्हणायची. “माझ्या सासरी अगदी अस्संच होतं.”

धाकटीत एक खळगा आहे. ओट्यावरून बघितलं तर गवत सरळ झेंड्यापर्यंत गेलेलं दिसतं, सपाट. पण माणूस चालत गेला की मधेच तो गुडघ्यापर्यंत बुडतो, मग कमरेपर्यंत, मग डोकंही जातं. थोड्या वेळानं पलीकडून डोकं वर येतं. नवीन होते तेव्हा मावशीला अशी बुडताना बघून मी किंचाळले होते. टोळीत त्यावरून माझी बरेच दिवस टर उडवली गेली. धुकं पडलं की आधी त्या खळग्यात साठतं. झेंड्याच्या मागं तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं नुसती काटेरी झुडपं. मैदान तिथं संपतं.

आम्ही राहतो ती खोली मशीनच्या शेडमागंच आहे. ठकीचे बाबा गवताचं मशीन चालवतात. सासूबाई दुसऱ्या गावी, मोठ्या दिरांकडं. फोन आला की हॅलोच्या आधी विचारायच्या, “चालली का?”

नव्हती चालत. तिला दीड वर्ष उलटून गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाय चांगले आहेत, चालेल, घाई करू नका. घाई मी कुठं करत होते? मी फक्त रात्रंदिवस तिच्या पायांकडं बघत होते.

२

त्या दिवशी खळग्याच्या अलीकडच्या काठावर मला दवात पावलं दिसली.

दवावरून मांजर गेलं तरी मागं गडद रेघ उठते. माणूस गेला तर ठसठशीत पावलं उठतात. मुकादम त्यावरूनच ओळखतो की पहाटे कोण आडवाटेनं गेलं. ही पावलं अनवाणी होती आणि माझ्या तळहाताएवढी. पाचही बोटं उमटलेली. पट्ट्याच्या मधोमध सुरू होत होती. मागं काही नाही, आजूबाजूला काही नाही. सगळीकडं दव जसंच्या तसं पांढरं, आणि मधेच, कुणी वरून उतरवून ठेवल्यासारखं, एक पाऊल. मग दुसरं. फेंगडी, एकमेकांपासून लांब, एक आत वळलेलं. थोडं पुढं गवतावर एक गोल डाग होता, मूल बुडावर आपटल्यासारखा. मग पुन्हा पावलं. खळग्याच्या तोंडाशी थांबलेली.

“ओढ की गं! उभ्या उभ्या झोप लागली का?” मावशी पलीकडून ओरडली.

मी दोर ओढला. पावलं पुसली गेली.

काम संपल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, “कुत्रं असेल.”

“कुत्र्याला पाच बोटं असतात का मावशी? तीही अशी?”

“मग माकड असेल. तुला काय, लेकराच्या काळजीनं सगळीकडं पायच दिसतात.”

ते खरंही असेल असं मला वाटलं. दव काही वरून पडत नाही, गार गवतावर हवेतलं पाणी धरतं, हे मी सातवीच्या विज्ञानात शिकले आहे. एखाद्या जागी गवत कमी गार असेल, तिथं दव धरलं नसेल. तेवढ्यापुरती मी मनाची समजूत घातली.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती. आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. रोज थोडी जास्त लांब गेलेली, रोज थोडी सरळ. फेंगडेपणा कमी होत होता. बुडावर पडल्याचे गोल डाग कमी होत होते. ज्या आईनं मूल चालायची वाट बघितली आहे तिला हे सांगावं लागत नाही. कुणीतरी चालायला शिकत होतं.

एक गोष्ट मात्र मला खोलीवर आल्यावर सुचली. मूल पडलं की उठताना आधी दोन्ही हात जमिनीला टेकतं. त्या गोल डागांच्या शेजारी हाताचे ठसे कधीच नव्हते. कुणीतरी वरच्या वर उचलून उभं करावं तसं ते उठत होतं. आणि उचलणाऱ्याच्या पायांचं दवावर काही नव्हतं.

३

त्याच सुमारास आखणीवाले साहेब आले. हे मैदान त्यांनीच कागदावर काढलेलं, खूप वर्षांपूर्वी. आता म्हातारे, हातात काठी, पण चाल अजून तुरुतुरु. दोन लांब पट्टे एकामागून एक नकोत, अशी खेळणाऱ्यांनी तक्रार केली होती, म्हणून त्यांना बोलावलं होतं. धाकटी तोडून आखूड करायची असं चाललं होतं.

आम्ही दोर घेऊन ओट्यापाशी उभ्या होतो. ते मुकादमाला सांगत होते, “लोक काय म्हणतात, एक लांब पट्टा संपवला की वाटतं पोचलो. आणि मान वर केली की समोर पुन्हा तेवढंच. अहो, मला तेच तर हवं होतं!”

“लोक दमतात साहेब,” मुकादम म्हणाला.

“दमू देत की. पोचलो असं वाटणं आणि पोचणं यांत फरक असतो, तो पायांना कळला पाहिजे.” मग काठीनं पार लांब, झेंड्यापलीकडं दाखवून म्हणाले, “मी तर तिसराही काढला होता. कुंपणाच्या पलीकडं, याच रेषेत. जमीन मिळाली नाही. मिळाली असती तर माणूस चालतच राहिला असता.” आणि एकटेच हसले.

मावशी माझ्या कानात पुटपुटली, “यांची बायको कधी यांच्याबरोबर फिरायला गेली नसणार बघ.”

चालत चालत ते खळग्यापर्यंत आले. आम्ही दोर गुंडाळून मागं मागं. दव अजून झाडलं नव्हतं. ते थांबले आणि खाली बघून मला म्हणाले, “ताई, लेकराला इथं मोकळं सोडू नका. पुढं उतार आहे, घरंगळेल.”

“ती चालत नाही अजून, साहेब,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पाठीकडं बघितलं. ठकीचे दोन्ही पाय माझ्या कमरेशी लोंबत होते, कोरडे. मग पुन्हा गवताकडं बघितलं. त्या दिवशी पावलं खळग्यात उतरली होती, अगदी सरळ, एकही अडखळ नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

“मुकादम,” ते म्हणाले, “आपण आधी मागच्या लांब पट्ट्यापासून सुरुवात करू.”

आणि मागं वळले. वळताना ते त्या पावलांवरून गेले नाहीत. रस्त्यात कुणी समोरून आलं की आपण अंग चोरून बाजूला होतो ना, तसे बाजूला झाले. नको तेवढी जागा सोडून. पुढं ते धाकटीकडं फिरकले नाहीत. तोडायचंही तसंच राहिलं.

४

“तुझं डोकं फिरलंय,” ठकीचे बाबा म्हणाले. वाईट पद्धतीनं नाही, जेवताना म्हणतात तसं. “मी तुमच्या मागून मशीन घेऊन येतो. मला काही दिसत नाही.”

“अहो, तुम्ही याल तोवर आम्ही दोर फिरवलेला असतो. दिसणार कसं?”

“मग फिरवू नकोस एक दिवस.”

“आणि मुकादमाला तुम्ही उत्तर देणार?”

ते हसले आणि ठकीला मांडीवर घेऊन तिचे पाय सायकलसारखे फिरवायला लागले. “आमची ठकी राजघराण्यातली आहे. चालणार नाही, पालखीतून जाईल.”

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. “चालली का?” मग नेहमीचं, शेजारणीची नात अकराव्या महिन्यात पळत होती, तिला अमुक चोळत होते, तमुक पाजत होते. “तू तिला सारखी पाठीवर वागवतेस ना, म्हणून. पाय जमिनीला लागतील तर चालेल ना पोर!”

मी नुसतं हो आई, हो आई केलं. फोन ठेवल्यावर भांडी घासताना ते वाक्य डोक्यातून जाईना. पाय जमिनीला लागतील तर.

मला त्या पावलांची भीती वाटत होती, हे खरं. पण खरं खरं सांगायचं तर भीतीच्या खाली दुसरंच काही होतं. हेवा. माझी एका जागी बसली होती, आणि तिकडं कुणाचं तरी लेकरू माझ्या डोळ्यांदेखत चालायला शिकलं होतं. रोज थोडं पुढं.

पुढच्या दिवशी मावशी दोराचा गुंता सोडवत ओट्यापाशी बसली होती. मी पुढं गेले. पावलं होतीच. मी ओढणी सोडली, ठकीला काखेत धरून खाली वाकले आणि तिचा उजवा पाय एका उजव्या पावलावर टेकवला.

बसला. टाच टाचेत, अंगठा अंगठ्यात. एक काडीचाही फरक नाही. तिच्या करंगळीशेजारचं बोट जरा वर चढलेलं आहे, जन्मापासून. ठशातही ते बोट वर चढलेलं होतं.

ठकी खुदकन हसली. आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते केलं, पायाला जोर दिला. माझ्या हातातलं वजन कमी झालं. तिनं डावा पाय आपण होऊन उचलला आणि पुढच्या ठशात ठेवला.

मी तिला ओढून छातीशी धरलं आणि मावशीकडं पळत आले. मावशी म्हणाली, “काय गं, पाल पडली का अंगावर?” मला भीती वाटत होती, पण मी हसतही होते. तिनं पाऊल टाकलं होतं.

५

त्याच दुपारी ठकी खोलीत उठली आणि चालली. पडली नाही, धडपडली नाही. खाटेपासून उठून दारापर्यंत सरळ गेली. तिचे बाबा जेवायला आले होते, ते हातातला घास तसाच धरून बसले. मग त्यांनी तिला डोक्यावर घेऊन शेडभर नाचवलं. मावशीनं तिची दृष्ट काढल्यासारखे हात फिरवले. सासूबाईंनी फोनवर रडून घेतलं आणि म्हणाल्या, “बघ, माझं ऐकलंस ना?” मी हो आई म्हणाले. मीही रडले. इतकी हलकी मी कित्येक महिन्यांत नव्हते.

गवतावरची पावलंही थांबली. धाकटीवर दव आता अखंड असायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मनात म्हटलं, संपलं. काय होतं ते संपलं.

मग मला एक गोष्ट दिसायला लागली. एकदा दिसली की तीच दिसत राहते.

नवीन चालणारं मूल भिंतीला धरून चालतं. ठकी भिंतीला हात लावत नव्हती. भिंतीच्या कडेनंच चालायची, पण भिंतीत आणि तिच्यात जागा सोडून. एका माणसाची जागा. दारातून जाताना मधून जात नसे, एका चौकटीला चिकटून जायची, बाकी दार मोकळं सोडून. खाट आणि कपाट यांच्यामधे बोळ आहे, त्यातून ती जातच नसे. ती एकटी आरामात गेली असती. पण तिथं येऊन थांबायची, बाजूला वर बघायची आणि वळसा घालून जायची.

“किती शिस्तीची आहे बघ,” तिचे बाबा म्हणाले. “रस्त्यावर डाव्या बाजूनं चालणार ही.”

मी तिला मधोमध उभी करून बघितलं. ती पुन्हा बाजूला सरकली.

६

मग ते धुकं पडलं. इतकं, की मला माझ्या हातातल्या दोरापुढचं काही दिसेना. मुकादम म्हणाला, “दोराचं टोक तर हातात आहे ना? मग चला.” धुक्यात आमची खूण ठरलेली. एक झटका म्हणजे थांब, दोन झटके म्हणजे चल. ठकीला मी पाठीला घट्ट बांधलं होतं. आता ती बांधून घ्यायला कुरकुर करायची, त्या दिवशी गप्प होती.

थोरली झाली. धाकटीचा ओटा लागला. आम्ही खळग्यात उतरलो तसं कानात दडे बसल्यासारखं झालं. पायांचा आवाजही येईना. दोर कशाला तरी अडकला, मी खाली वाकून तो सोडवला आणि उभी राहिले.

पाठ हलकी होती.

ओढणी अंगावर होती, गाठ तशीच होती, आतली ऊबसुद्धा तशीच होती. ठकी नव्हती. वाकले तेव्हा ती खालून निसटली असेल. ओढणी जुनी आहे, ताणलेली आहे. असंच झालं असेल. मी दोर टाकला.

“काय झालं गं?” धुक्यातून मावशीचा आवाज, फार लांबून. “झटका का देत नाहीस?”

माझ्या पायांपासून पावलं निघाली होती. चढावर गेली होती. मी त्यांच्यावरून पळाले. खळग्यातून वर आले, झेंडा माझ्या डावीकडून गेला, त्याच्या काठीला माझा हातही लागला. आता कुंपण येणार, आता तार हाताला लागणार, म्हणून मी हात पुढं केले. तार लागली नाही. मी पळत राहिले. काटे लागले नाहीत. पायांखाली गवत होतं, बारीक, सारखं कापलेलं. झेंड्यापलीकडं गवत कापायला कुणी जात नाही, माझ्या नवऱ्याचं मशीन तिथं कधी गेलेलं नाही. तरी गवत कापलेलं होतं, आणि लांब गेलं होतं. धुकं जरा विरलं तेवढ्या वेळात मी बघितलं, ते संपत नव्हतं. सगळं दवानं पांढरं.

आणि पुढं ठकी चालली होती. शांतपणे, घाई नसल्यासारखी. तिचा डावा हात सरळ वर उचललेला होता. उंच माणसाचं बोट धरल्यावर मुलांचा हात जसा खांद्यातून वर ताणला जातो, तसा. मूठ मिटलेली. मान वर करून ती काहीतरी सांगत होती, तिच्या त्या बोबड्या भाषेत. मग थांबायची, ऐकायची आणि हसायची.

मी तिला मागून कमरेत धरलं आणि उचललं. अंग आलं. हात आला नाही. हात तसाच वर, ताणलेला राहिला. मी ओढलं. ठकी रडायला लागली. मी आणखी जोरानं ओढलं, दात आवळून, मला फक्त ती हवी होती. तिच्या खांद्यात काहीतरी कट् वाजलं.

तेव्हा त्या बाजूनं सोडलं. हिसका न देता, हळूच, जपून.

मावशीला मी झेंड्यापाशी सापडले, कुंपणाच्या अलीकडं, ठकीला पोटाशी धरून बसलेली. तिचं म्हणणं, धुक्यात माणूस गोल गोल फिरतो, तिनं असं कितीदा बघितलं आहे. माझ्या कपड्यांना काटा लागला नव्हता, म्हणजे मी कुंपणापलीकडं गेलेच नव्हते, हे तिनं मला नीट दाखवून दिलं. बरोबरच आहे. ठकीच्या खांद्याला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी हलवून बघितला. पण त्या सकाळपासून एकच गोष्ट मला टोचत राहिली. मी ओढत होते. आधी मी नाही सोडलं.

७

त्यानंतर मी ठकीला खाली ठेवलंच नाही. काम बंद केलं. कडेवर, मांडीवर, खाटेवर माझ्या कुशीत. तिचे पाय जमिनीला लागू दिले नाहीत. ती हातपाय झाडायची, जमिनीकडं झेपावायची. हात भरून यायचे, कंबर मोडायची. तिचे बाबा आधी समजावून बघायचे, मग चिडायचे. मावशी येऊन म्हणाली, “अगं, चालत नव्हती म्हणून रडत होतीस, आता चालते तर धरून ठेवतेस. तुझं काय करावं?”

सासूबाई नातीची पावलं बघायला मुद्दाम आल्या. दोन दिवस त्यांनी मी तिला खाली ठेवते का याची वाट बघितली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मुलगी आहे की दागिना? पाय आहेत तिला. दे इकडं.”

“नको आई. पडेल.”

“पडेल तर उठेल. मी चार वाढवलेत.”

मी दिली नाही. पण दुपारी मी न्हाणीत गेले. अंगावर दोन तांबे घेतले असतील नसतील, तोच बाहेरून त्यांचा हसरा आवाज आला. “अगं बाई, बघ तरी! हात कसा धरलाय बाईसाहेबांनी!”

मी ओल्या केसांनी तशीच बाहेर धावले. लख्ख ऊन होतं. शेडच्या कडेनं वाट जाते, खडी टाकलेली, कोरडी ठणठणीत. दव नाही, धुकं नाही, पाऊल उमटायला काही नाही. ठकी त्या वाटेनं चालली होती. डावा हात वर.

मी पळत तिला गाठलं. उचलायला वाकलेही. माझे हात तिच्या कमरेशी होते. पण मला तो खांद्यातला आवाज आठवला. आता पुन्हा ओढायचं. पुन्हा कुणी आधी सोडायचं. आणि या वेळी त्या बाजूनं सोडलंच नाही तर मी किती ओढेन, कुठपर्यंत, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी हात मागं घेतले.

मी तिच्या उजव्या बाजूला गेले आणि तिचा दुसरा हात धरला. तो घामेजलेला होता, गरम, चिकट. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि हसली. मग दुसरीकडं मान वर करून हसली. चाल जरा मंदावली. माझ्या पावलांसाठी थांबल्यासारखी.

मागं सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. मी समोर बघत चालत राहिले. डावीकडं मी बघितलं नाही. बघणारही नव्हते. फक्त तिचा हात माझ्या हातात पक्का होता.

शेड संपता संपता ठकीनं एकदम दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. दोन बाजूंना मोठी माणसं असली की मुलं करतात तसे, झोका घ्यायला. मी दचकून हात आवळला. ती माझ्या बाजूला कलंडेल, खडीवर आपटेल, असं वाटलं.

ती कलंडली नाही. दोन्ही हातांवर सरळ लोंबकळली, खिदळली, पुढं गेली, मागं आली. माझ्या हाताला तिचं अर्धंच वजन आलं.